फारुख मिस्त्रीचं नाक

नाशिकच्या पेठ नाक्याच्या आत शिरलं की डाव्या हाताला फारुख मिस्त्रीचं गॅरेज लागतं, आणि त्याच्या नाकाच्या गोष्टी त्याच्याही आधी, नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासूनच लागतात. त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या फारुखनेच पसरवलेल्या. बॉनेट न उघडता, नुसतं पुढच्या जाळीला नाक लावून त्याने एका गाडीचं हेड गॅसकिट गेल्याचं सांगितलं होतं, हे खरं. येवल्याच्या एका पैठणीवाल्याच्या गाडीत डोकं घालून तो म्हणे म्हणाला होता, की शेटजी, क्लच जळालाय, एसीत उंदीर मेलाय आणि मागच्या गुरुवारी तुमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी मोगऱ्याचा गजरा माळला होता. क्लच आणि उंदीर तर निघालेच, गजऱ्यापाशी मात्र शेटजींनी हात जोडले की एवढं पुढे वाढवू नका. ही शुद्ध थाप. पण पैठणीवाला स्वतःच ती चवीने सांगतो म्हटल्यावर फारुखने तरी कशाला नाही म्हणावं?

खरी गोष्ट एकच होती आणि ती कोणीच सांगत नव्हतं, कारण ती दोघांनाच ठाऊक होती. कोविडच्या दुसऱ्या लाटेत फारुख बारा दिवस तापाने फणफणला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना नाकही घेऊन गेला. बायकोच्या, हाजराच्या लक्षात आलं ते तो नासलेलं दूध घटाघटा पिऊन आणखी मागायला लागला तेव्हा. महिन्यात येईल, डॉक्टर म्हणाले होते. तीन वर्षं झाली. रोज पहाटे नमाज झाला की फारुख गॅरेजच्या फळीवरून तीन बाटल्या काढायचा, अत्तर, थिनर आणि रॉकेल. एकेक नाकाशी धरायचा. तिन्हींतून नुसती हवा यायची, थंड असली तर थंड, एवढाच फरक.

हाजराने दोन-तीनदा म्हणून बघितलं, की सांगून टाका लोकांना, हात तर शाबूत आहेत ना. पण नट आवळणारे पेठ रोडला पन्नास होते. फारुखकडे गाडी यायची ती हुंगून घ्यायला. तेव्हा त्याने हुंगणं सोडलं नाही. गाडीत डोकं घालायचं, डोळे मिटायचे, नाकपुड्या फुगवायच्या, मनात तीन आकडे मोजायचे आणि कानाने, हाताने, डोळ्याने आधीच जे हेरलं असेल ते नाकाच्या नावावर सांगून मोकळं व्हायचं. गेली तीन वर्षं बहुतेक वेळा बरोबरही यायचं. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणजे काही गंमत नाही. पण काही गोष्टी नाकालाच कळतात, आणि तशी गोष्ट एक दिवस गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

ती नाथाची व्हॅन होती. नाथा पेठच्या पुढे, सुरगाण्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरचा. आठ सीटची जुनी पेट्रोल व्हॅन आणि तिच्यात रोज सकाळी बारा पॅसेंजर. सावळघाट चढून-उतरून तो नाशिकला यायचा आणि दुपारी परत. डिसेंबरातले दिवस होते. त्याने चपला बाहेर काढल्या, जणू गॅरेज म्हणजे देऊळच, आणि म्हणाला, गाडीत धुराचा वास येतोय. पॅसेंजर ओकतात, डोकं धरून बसतात.

घाटात माणूस ओकला तर त्या बाजूला कोणी गाडीकडे बोट दाखवत नाही. गाडी लागली म्हणतात आणि लिंबू देतात. नाथाच्या व्हॅनमध्येही आरशाजवळ लिंबांची पिशवी टांगलेली असायची. कोणी पांढरं पडलं की अर्धं कापून हातात. कोणी ते चोखायचं, कोणी नाकाशी धरायचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. त्यामुळे वासाची शंका यायलाही नाथाला सव्वा महिना लागला होता.

"कधी येतो वास?" फारुखने विचारलं.

"इथं नाय येत, भाई. घाटात येतो."

या वाक्यावर कुठल्याही साध्या मिस्त्रीने गाडीत बसून घाट गाठला असता. पण ज्याच्या नाकाच्या गोष्टी येवल्यापर्यंत गेल्यात त्याला घाटापर्यंत जावं लागलं तर नाकाची अब्रू काय राहिली?

बाकीचं काम त्याने चोख केलं, हे त्याच्या दुष्मनानेही मान्य केलं असतं. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दाबला आणि गाडीखाली पडून कान लावला. कुठे फुसफुस नाही. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एक बुडबुडा नाही. गाडीत बसून दारं लावली आणि गॅरेजातल्या पोऱ्याला खालून टॉर्च मारायला सांगितलं. पत्र्यातून उजेडाची एक रेघसुद्धा आत आली नाही. सायलेन्सरचं शेपूट तेवढं आखूड होतं. घाटातल्या दगडांवर आपटून तुटलं की मागचा लोंबता तुकडा कापून टाकायचा, ही त्या बाजूची रीतच. निम्म्या गाड्या तशाच पळतात. मागची डिकी घट्ट बंद असली तर त्याने काही बिघडत नाही, आणि नाथाच्या व्हॅनची डिकी घट्ट बंद होती.

मग त्याने डोकं आत घातलं. डोळे मिटले. एक, दोन, तीन.

तेवढ्यात हाजरा जेवणाचा डबा घेऊन आली. व्हॅनच्या मागून जाताना ती थबकली, पदर नाकाला लावला आणि हळूच म्हणाली, "मागच्या बाजूला धूर मुरलाय हो. चुलीसारखा."

"ओकारीचा वास आहे तो," फारुख सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वीस वर्षं डबा आणतेस, आता मिस्त्री पण हो."

गॅरेजात दोघं-तिघं हसले. हाजरा डबा ठेवून निघून गेली. आणि फारुखने निकाल दिला, की धूर नाही, गाडी साफ आहे. खालची मॅट ओकाऱ्यांनी सडलीय, ती काढून फेक. नाथाचा चेहरा उजळला. मॅट तिथेच काढून त्याने नाल्याकडेला टाकली. कार्बोरेटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होता, त्याने धूर दाट होत होता, आणि पूर्वीच्या फारुखला ते गाडी नाक्यावर असतानाच कळलं असतं. आताचा फारुख भाकरी मोडून जेवायला बसला.

एकोणीस दिवसांनी नाथा परत आला. या वेळीही चपला बाहेर काढल्या. पण आत येऊन तो उभाच राहिला. फारुखने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा कुठे तुकड्यातुकड्याने गोष्ट बाहेर आली.

नाथाची बायको कुसाबाई टोपल्या विणायची. पंचवटीतल्या भाजीबाजारात तिच्या टोपल्यांना मान होता. कोथिंबिरीचे व्यापारी दुसऱ्या कोणाच्या घेत नसत. आठवड्यातून तीनदा ती नवऱ्याच्याच गाडीतून माल घेऊन यायची आणि नाक्याच्या अलीकडे उतरून रिक्षाने बाजारात जायची. मागच्या आठवड्यात एक दिवस नाथाने तिथे मागे जाऊन हाक मारली, तर ती उतरली नाही. टोपल्यांना टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे, आणि चेहरा असा लाल की नाथाला आधी वाटलं थंडीने तकाकी आलीय. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपली होती का? नाथा म्हणाला, साहेब, आमचं घर कुडाचं, त्याच्यातून मांजरसुद्धा आरपार जातं. मग रक्तात धुराचा हा विषारी गॅस आला कुठून, डॉक्टर म्हणाले, आणि नाथाला व्हॅन आठवली.

"आता जिती हाय," तो म्हणाला. "पण पुसट झाली, सारं इसरते. भाई, तुम्ही पुन्यांदा एकदा वास घ्या. तुमच्याबिगर कोणाला कळणार?"

फारुखने तांब्या खाली ठेवला. त्याने डोकं गाडीत घातलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि पहिलाच प्रश्न असा निघाला की तो एकोणीस दिवसांपूर्वी विचारायला हवा होता.

"ती बसते कुठं?"

सीट पॅसेंजरला, नाथा म्हणाला. मालकाची बायको सीट अडवून बसली तर चालणार कसं? ती मागे बसायची, सगळ्यात शेवटी, टोपल्यांच्या उतरंडीला पाठ लावून. आणि टोपल्या? त्या मावायच्या नाहीत, हातभर बाहेर यायच्या. म्हणून डिकी वर उचलून नायलॉनच्या दोरीने बांधलेली असायची. थंडीत पॅसेंजर काचा उघडू देत नसत, मग वारा यायचा तो मागूनच. नाशिकच्या हद्दीत उघड्या डिकीला पोलीस धरतो म्हणून नाक्याच्या अलीकडे कुसाबाई माल घेऊन उतरली की नाथा दोरी सोडायचा आणि डिकी दाणकन लावायचा. गाडी शहरात यायची ती अशी, न्हाऊनमाखून आल्यासारखी.

"तशीच भर," फारुख म्हणाला. "तिच्या टोपल्या घाल. तशीच बांध."

नाथाने बाजारात पडून असलेल्या टोपल्या परत आणल्या. उतरंड लावली, डिकी उचलली, दोरी बांधली. दुपारी दोनच्या सुमाराला व्हॅन पेठ रोडने निघाली तेव्हा मागे, कुसाबाईच्या जागेवर, टोपल्यांना पाठ लावून फारुख मिस्त्री बसला होता. पुढच्या काचा त्याने मुद्दाम वर करायला लावल्या होत्या. डोक्यावरची पांढरी जाळीची टोपी काढून त्याने एका टोपलीच्या काठाला अडकवली होती आणि वर बांधलेल्या डिकीच्या कडेला शिवणाचा लाल दोरा बांधला होता, वीतभर. नाक नसलेल्या माणसाला दुसरं काय करता येणार?

गावं मागे पडली. दोरा सुरुवातीला लोंबत होता. गाडीने वेग घेतला आणि फारुख दोऱ्याकडे वाकला. गाडी पुढे पळते, तेव्हा दोरा मागे, बाहेर, रस्त्यावर उडायला हवा. हा दोरा आत वळला होता. लाल, ताठ, थेट फारुखच्या तोंडाकडे बोट दाखवल्यासारखा. गाडीच्या ढुंगणामागे जी पोकळी पडत होती तिच्यात आखूड सायलेन्सरचा सगळा धूर अडकत होता, आणि उघड्या डिकीतून गाडी तो ओढून घेत होती, जशी चिलीम ओढावी. पुढे बसलेल्यांना गेले दोन महिने थोडाथोडा मिळत होता. मागे बसणारीला पहिला आणि सगळा.

घाटाची चढण लागली. नाथाने गिअर टाकला, इंजिन घुमायला लागलं. फारुखला वास कसलाच आला नाही. हवा आली, गार, डोंगरातली, आणि तीच त्याला भयंकर वाटली. चौथ्या वळणावर कानशिलं ठणकायला लागली. सहाव्या वळणाला हाताची बोटं दुसऱ्या कोणाची तरी आहेत असं वाटलं. या जागेवर ती बाई आठवड्यातून तीनदा बसत होती, आणि वरून लिंबू चोखत होती. त्याने पत्र्यावर मूठ आपटली तेव्हा गाडी घाटमाथ्याला आली होती. तो उतरला, रस्त्याकडेला उकिडवा बसला आणि भडभडून ओकला. नाथा धावत आला, हातात लिंबू घेऊन. स्वतःच्या हाताकडे बघून तो तसाच थांबला.

टोपलीवरची टोपी काढून फारुखने त्याला दाखवली. पांढरी नव्हती राहिली. राखेत लोळवल्यासारखी झाली होती.

मग त्याने समजावून सांगितलं. दोरा, पोकळी, आखूड शेपूट, उघडी डिकी, बंद काचा. नाथा ऐकत होता. खाली दरीत कोणाची तरी गुरं चालली होती, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर तो रस्त्याच्या कठड्यावर बसला.

"म्हंजे माझ्याच हातानं झालं," तो म्हणाला. "डिकी मी बांधायचो. तिला मागं मी बसवायचो. आन तुमच्याकडं आणली तवा डिकी लावून आणली. तुमचं नाक काय करील? जशीच्या तशी आणली असती तर तुम्ही तवाच धरलं असतं."

इथे फारुखला बोलता आलं असतं. फारुखने टोपी झटकली, खिशात घातली आणि मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण नाथाने ती हो अशीच घेतली.

परतताना डिकी बंद होती आणि फारुख पुढे बसला होता. भेटीची वेळ होती म्हणून व्हॅन थेट दवाखान्यात गेली. फारुखला वाटेत उतरता आलं असतं, पण तो उतरला नाही.

कुसाबाई खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. चाळिशीची, काटक, केस कोणीतरी विंचरून दिलेले. तिची बोटं चालू होती. हातात काही नसताना ती टोपलीचा तळ धरत होती, एक काडी वर, एक खाली, एक वर. चार-पाच काड्या झाल्या की बोटं थांबायची, ती हातांकडे बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून तळ धरायची. टोपली काही वर येत नव्हती.

नाथा तिच्या पायाशी बसला. आणि ज्या माणसाने दिवसभर आवाज चढवला नव्हता तो मोठ्याने बोलायला लागला. तिला कळतंय की नाही याची पर्वा न करता. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. मी तुला धुरात बसवलं, तो म्हणत होता, पॅसेंजर सीटवर अन तू धुरात. तू म्हणायची डोकं दुखतं, मी म्हणायचो लिंबू खा. मिस्त्रींनी आज शोधून काढलं. त्यांनी कितीही हुंगलं असतं तरी मी गाडी बंद करून आणली, मीच सारं लपवलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, भागीबाई नाव तिचं, पदर डोळ्याला लावून फारुखकडे बघत म्हणाली, बरं झालं भाऊ तुम्ही भेटलात, नाहीतर या बापड्याला कळलंच नसतं.

कुसाबाई विणायची थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग फारुखकडे.

"रडतोय का तो?" तिने फारुखला विचारलं. "काय केलं त्यानं?"

फारुख खाटेची लोखंडी दांडी धरून उभा होता.

"त्याने नाही काही केलं, ताई," तो म्हणाला. "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. त्या दिवशी मी नुसतं नाटक केलं. गाडीच्या मागच्या बाजूला धूर मुरलेला होता. माझ्या बायकोला डबा घेऊन जाता जाता तो कळला, तिने सांगितलं, आणि मी तिला गप्प केलं. डिकी बंद होती तरी कळण्यासारखं होतं."

कुसाबाईने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा तळ धरायला घेतला. एक वर, एक खाली.

नाथा उठला. फारुखला वाटलं, आता हा आपल्याला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. पण नाथा त्याच्या बाजूने, अंगाला अंग न लागू देता बाहेर गेला. बाहेरच्या व्हरांड्यात तो कठड्याला टेकून उभा होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फारुखच्या कानशिलात अजून घाट ठणकत होता. भागीबाईने कूस बदलली आणि त्याच्याकडे पाठ केली.

नाथा परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता, इतका की फारुखला वाकावं लागलं.

"तीन वर्षांत अशा किती गाड्या तुम्ही साफ हाय म्हणून धाडल्या?"

हा हिशेब फारुखने कधी मांडला नव्हता. मांडायचाच नाही म्हणून तर रोज पहाटे तो त्या बाटल्या हुंगत बसायचा.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"आठवा," नाथा म्हणाला. त्याने पलंगाखालून स्टूल ओढलं आणि ते फारुखच्या दिशेने सरकवलं. रागाने नाही. माणसाला बसायला देतात तसं. "इथं बसून आठवा. मी हाय."

फारुख बसला. मोबाइल काढला. नावं एकेक करून यायला लागली, तशी ती येऊ नयेत असं त्याला वाटत होतं आणि तरी येत होती. आडगावचा एक डॉक्टर. सिडकोतल्या एक बाई, त्यांना गाडीत बसलं की पेंग यायची. मखमलाबादचा पुंजाराम, शाळेची मुलं नेणारा. त्याच्या गाडीत पोरं सकाळी ओकतात म्हणून तो पावसाळ्यात आला होता आणि फारुखने त्याला सांगितलं होतं, की डब्यातलं तेलकट काढा.

त्याने आधी पुंजारामचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद झाली. भिंतीवरच्या घड्याळात शाळा सुटायची वेळ झाली होती. फारुखने पुन्हा तोच नंबर लावला.